‘पेटी नोंदवा’चं ‘पटा नादवा’ कसं झालं?

देवगडला माझी आत्या हापूसच्या ऑर्डरी घेते. पूर्वी वहीत घ्यायची, आता मी करून दिलेल्या एका लहानशा ॲपवर घेते. ॲप कसलं, चार पडदे आहेत: गिऱ्हाईक, पेट्या, पत्ता आणि शेवटी ‘पेटी नोंदवा’ असं हिरवं बटण. गेल्या हंगामाच्या तोंडावर मी ते अपडेट केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रत्नागिरीत माझा फोन वाजला.

“मेल्या, तुझा ता बटाण खंय गेला?”

फोटो मागवला. बटण कुठे गेलं नव्हतं, बुडालं होतं. पडद्याच्या तळाशी फोनची स्वतःची तीन बटणं असतात ना, मागे, होम आणि तिसरं, त्यांच्या पट्टीमागे ते धूसर दिसत होतं. आत्याने नेमाने दाबून बघितलं, पण बोट पडत होतं होमवर, त्यामुळे दर वेळी ॲपच मिटत होतं. आणि त्या धूसर हिरव्या पट्टीवर अक्षरं होती ‘पटा नादवा’.

अपडेटनंतर एखाद्या ॲपचं बटण असं तळाशी दडलेलं तुम्हीही पाहिलं असेल. त्यामागे एक ताजं कारण आहे आणि एक जुनी सवय आहे. ताजं कारण हे, की ३१ ऑगस्ट २०२५ पासून गूगलच्या प्ले स्टोअरवर नवं ॲप किंवा अपडेट टाकायचं तर ते किमान अँड्रॉइड १५ च्या नियमांना धरून असावं लागतं. त्याचा खुलासा पुढे येईलच. जुनी सवय मात्र आम्हा ॲप लिहिणाऱ्यांची आहे, आणि ती समजली की बाकीचं आपोआप उलगडतं.

पडदा म्हणजे कोरी भिंत

फोनच्या पडद्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट, मग ती बटण असो, फोटो असो की नुसती एक ओळ, कोडमध्ये एक चौकोन असते. त्या चौकोनाला ‘व्ह्यू’ म्हणतात. भिंतीवर तसबीर टांगायची तर सुताराला चार गोष्टी सांगाव्या लागतात: डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती. व्ह्यूचंही तेच. या चार आकड्यांच्या जुडग्याला ‘फ्रेम’ म्हणतात.

आता हे आकडे कसले? इंच नाहीत, सेंटिमीटर नाहीत, आणि पडद्यावरचे बारीक ठिपके, म्हणजे पिक्सेलही नाहीत. एकाच इंचात एका फोनवर १६० ठिपके मावतात, दुसऱ्यावर ४८०. ठिपके मोजून बटण काढलं तर दुसऱ्या फोनवर ते तिळाएवढं होईल. म्हणून अँड्रॉइडने ‘डीपी’ नावाचं माप धरलं: इंचाला १६० ठिपके असतील तिथे १ डीपी म्हणजे १ ठिपका, ४८० असतील तिथे ३ ठिपके. रुंदीला १०८० ठिपके असलेला असा फोन कोडच्या दृष्टीने ३६० डीपी रुंद असतो. आयफोनवर याच कल्पनेला ‘पॉइंट’ म्हणतात.

मापाचा प्रश्न सुटला, पण भिंतीचा सुटला नाही. भिंत ३६० ची असेलच असं नाही. कुणाची ३९३ ची, कुणाची ४१२ ची, टॅबलेट तर विचारूच नका.

आयफोनवर सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. २००७ चा पहिला आयफोन ३२० बाय ४८० होता. २०१० च्या आयफोन ४ मध्ये उभे-आडवे दोन्हीकडे ठिपके दुप्पट झाले, पण पॉइंट तेच राहिले. भिंत एकच, मग आकडे पाठ. बटण मध्यभागी हवं? रुंदी १६० असेल तर डावीकडून ८०. बस्स. २०१२ मध्ये आयफोन ५ उंचीला ५६८ झाला, २०१४ मध्ये ३७५ आणि ४१४ रुंदीचे दोन नवे आले, २०१७ च्या आयफोन एक्सने तर वरून पडद्याचा तुकडाच कापून घेतला. आमच्या पिढीतल्या कित्येकांच्या बोटांत मात्र ते ३२० अजून बसलेलं आहे.

सातबाऱ्याची झेरॉक्स

मग ती ‘जुनी सवय’ आली कुठून? आळसातून म्हणा, पण आळसाला कारण होतं.

आयफोनची ॲपं २०१४ पर्यंत ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेत लिहिली जायची. तिच्यात बटणाची नुसती रुंदी बदलायची असली तरी सरळ बदलता येत नसे. बटणाकडे फ्रेम मागितली की ते तुम्हाला फ्रेमची प्रत देतं, मूळ नाही. सातबाऱ्याची झेरॉक्स आणलीत आणि तिच्यावर पेनाने क्षेत्र वाढवून लिहिलंत, तर तलाठ्याच्या दप्तरात काही बदलत नाही. फेरफार घालावा लागतो. तसंच इथे: प्रत घ्या, प्रतीवर रुंदी बदला, सुधारलेली प्रत परत दप्तरात जमा करा. एका आकड्यासाठी तीन ओळी. पडद्यावर वीस व्ह्यू असले की साठ ओळी, आणि त्यातली एक चुकली की शोधत बसा.

म्हणून प्रत्येकाने आपापल्या सोयीच्या मेथड लिहिल्या. मेथड म्हणजे नाव दिलेलं छोटं काम, आणि सोयीची मेथड म्हणजे ज्याने नवं काही होत नाही, पण तीन ओळींचं काम एका शब्दात उरकतं. कोड खरं तर रोमन अक्षरांत असतो, पण वाचता यावा म्हणून मी देवनागरीत लिहितो:

बटण.रुंदी = १६०
बटण.उजवीकड = ३४८
बटण.मध्यभागी(पडदा)

वाचतानाच कळतं ना? झेरॉक्स, फेरफार सगळं आत लपलेलं. ‘उजवीकड’ नावाची गोष्ट फ्रेममध्ये मुळात साठवलेलीच नसते, तिथे फक्त डावीकड आणि रुंदी असते. मेथड स्वतः वजाबाकी करते: ३४८ वजा १६०, म्हणजे डावीकड १८८.

हे फक्त आयफोनचं खूळ नाही. अँड्रॉइडवर व्ह्यूच्या आतली मोकळी जागा, जिला पॅडिंग म्हणतात, ती फक्त खालून वाढवायची असली तरी मूळ मेथड चारही बाजूंचे आकडे मागते. अँड्रॉइडची ॲपं लिहायच्या कोटलिन भाषेसाठी गूगलने स्वतःच एक सोयीची मेथड दिली, जी एकच बाजू घेते आणि उरलेल्या तीन आहेत तशा ठेवते. म्हणजे ही सोय बाटगी आहे असं कुणी समजू नये. कारखान्यातूनच येते.

मीही अशी पंधरा-वीस मेथडांची एक फाइल करून ठेवली आहे. दर नव्या कामात पहिल्या दिवशी ती चिकटवतो. आत्याच्या ॲपमध्येही ती आहे, आणि बटण बुडालं ते तिच्याच कृपेने.

मग यात वाईट काय?

पहिली गोम क्रमाची. वरचंच उदाहरण घ्या. ३६० ची भिंत आहे, बटण उजव्या कडेपासून १२ आत हवं. मी लिहिलं: बटण.उजवीकड = ३४८. त्या घटकेला रुंदी १०० होती, मेथडने डावीकड २४८ केली. पुढच्या ओळीत मला वाटलं, बटण जरा मोठं करू. बटण.रुंदी = १४०. आता डावीकड २४८ अधिक १४०, उजवीकड गेली ३८८ वर. बटण भिंतीच्या २८ बाहेर!

कोड वाचणाऱ्याला दोन्ही ओळी बरोबर दिसतात. ‘उजवीकड ३४८’ असं लिहिलंय ना ढळढळीत? लिहिलंय, पण तो शब्द बटणाने कायमचा मानलेला नाही. त्या क्षणी एकदा हलवलं, एवढंच झालं. बरोबरीचं चिन्ह पाहून आपल्याला वाटतं की ही वस्तुस्थिती आहे, प्रत्यक्षात तो हुकूम असतो, आणि हुकूम बजावला की संपतो. ओहोटीला होडी खुंटीला आखूड दोरीने करकचून बांधली तर त्या वेळी ती अगदी जागच्या जागी दिसते. सहा तासांनी भरती आली की बघायला जा.

दुसरी गोम माप घेण्याच्या वेळेची, आणि हिने नवशिक्यांना जेवढं रडवलं तेवढं कशानेच नसेल. अँड्रॉइडवर ॲपचा पडदा तयार होत असताना अगदी सुरुवातीच्या टप्प्यात तुम्ही बटणाला विचारलं, ‘बाबा, तुझी रुंदी किती?’, तर ते सांगतं ०. खोटं बोलत नाही, कारण त्याला अजून कुणी मापलेलंच नसतं. मापणं आणि मांडणं या पुढच्या पायऱ्या. पण मी तिथेच ‘मध्यभागी’ म्हटलं, तर मेथड इमानदारीत हिशेब करते: ३६० वजा ०, भागिले २, म्हणजे १८०. मग बटण मापलं जातं, १६० रुंद होतं आणि १८० पासून सुरू होऊन ३४० ला संपतं. मध्यभागी आहे ती त्याची डावी कड! पोरगं उभं राहायच्या आत शिंप्याने सदऱ्याचं माप घ्यावं, तसला प्रकार.

शिवाय अँड्रॉइडवर मांडणीचं काम करणारी यंत्रणा वेगळी असते आणि ती वाटेल तेव्हा पुन्हा मांडणी करते. तुम्ही हाताने दिलेली डावीकड ती पुढच्या फेरीत पुसूनही टाकते. तसा इशारा त्या मेथडच्या माहितीतच लिहिलेला आहे. वाचतो कोण.

तिसरी गोम लहान आहे, पण गमतीची. वाडीत एक बंड्या असतो तेव्हा ‘ए बंड्या’ अशी हाक पुरते. उद्या सरकारी नोकरीवरचा दुसरा बंड्या वाडीत राहायला आला की तुमच्या हाकेला तोच ओ देतो. कोटलिनमध्ये नियमच आहे: व्ह्यूची मूळची मेथड आणि तुम्ही बाहेरून जोडलेली मेथड यांचं नाव-गाव सारखं असेल, तर मूळचीच चालते. तुमची गुपचूप बाजूला पडते. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये तर याहून वाईट, दोघांतला कोण ओ देईल ते सांगताच येत नाही, म्हणून आपल्या मेथडच्या नावाआधी दोन-तीन अक्षरांचं आडनाव लावायची तिथे रीत पडली.

समुद्रापासून पन्नास पावलं

आता आत्याच्या बटणाकडे येऊ. माझी ओळ अशी होती:

बटण.खालपासून = १२

ही ओळ मी अपडेटमध्ये बदलली नव्हती. बटणाची उंची ४८, तीही तीच. मग बुडालं कसं?

समुद्रापासून पन्नास पावलांवर झोपडी बांध, असं कुणी सांगितलं तर किनाऱ्यावरचा माणूस पहिला प्रश्न विचारेल, कुठल्या समुद्रापासून? भरतीच्या की ओहोटीच्या? सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांचा, जाच आपल्याकडे घराघरात माहीत आहे. ते ५०० मीटर पाण्यापासून मोजत नाहीत, भरतीरेषेपासून मोजतात. पाणी दिवसातून दोनदा वर येतं, दोनदा खाली जातं, त्याच्यापासून मोजून काय उपयोग?

माझ्या ओळीत ‘खाल’ म्हणजे काय, हे मी लिहिलंच नव्हतं. पूर्वी ॲपला मिळणारी जागा फोनच्या तीन बटणांच्या पट्टीच्या वर संपायची. तिथून १२ वर म्हणजे बटण ऐटीत पट्टीच्या वर बसायचं. अँड्रॉइड १५ ने ठरवलं की ॲपने काठापासून काठापर्यंत सगळा पडदा व्यापायचा, अगदी वरच्या घड्याळ-बॅटरीच्या आणि खालच्या बटणांच्या पट्टीमागेही. नव्या नियमाला धरून ॲप अपडेट केलं, की त्या आवृत्तीच्या फोनवर ‘खाल’ पडद्याच्या खऱ्या तळाशी सरकते. तीन बटणांची पट्टी साधारण ४८ डीपी उंच. माझं बटण तळापासून १२ ते ६० या पट्ट्यात. म्हणजे ४८ पैकी ३६ पाण्याखाली, आणि १२ वर डोकावतंय.

आकडा तोच राहिला, समुद्र सरकला.

यावर उपाय काही नवा शोध नाही. फोन स्वतःच ॲपला सांगतो की वरून इतकी आणि खालून इतकी जागा माझी आहे. आयफोनवर उरलेल्या निर्धोक जागेला ‘सेफ एरिया’ म्हणतात, तो खाच असलेल्या फोनांसाठी २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर आला. अँड्रॉइडवर या आकड्यांना ‘इन्सेट’ म्हणतात. तीच आपली भरतीरेषा. कीबोर्ड वर आला की त्याची जागाही तिच्यात धरावी लागते, हे विसरू नये. पत्ता टाइप करताना ‘पुढे’चं बटण कीबोर्डखाली गडप होणं हा त्याच आजाराचा थोरला भाऊ. पडद्यावरचं सगळ्यात मोठं उधाण म्हणजे कीबोर्ड.

अँड्रॉइड १५ मध्ये या नियमातून तात्पुरती सूट मागायची एक पळवाट होती. अँड्रॉइड १६ च्या नियमांना धरलेल्या ॲपांसाठी तीही बुजवली आहे.

माटवी कशी टांगतात?

गणपतीत आमच्याकडे माटवी बांधतात. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: मूर्तीच्या वर आढ्याच्या वाशांना टांगलेली लाकडी चौकट, तिला आंब्याचे टाळे म्हणजे डहाळ्या, नारळ, सुपाऱ्या, कवंडळं ही रानफळं, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या लटकवतात. आमच्या घरात ती बांधताना कुणी टेप काढलेली मी पाहिली नाही. सांगणं असं असतं: मूर्तीच्या बरोबर डोक्यावर धर. पाटापेक्षा दोन्हीकडून वीतभर जास्त जाऊ दे. तवसं मुकुटाला लागता कामा नये.

या तिन्ही वाक्यांत सेंटिमीटर नाहीत, नाती आहेत. त्यामुळे यंदा मूर्ती सव्वा फुटाची असो की दोन फुटांची, सूचना बदलाव्या लागत नाहीत.

व्ह्यूंच्या अशा नात्यांना ‘कन्स्ट्रेंट’ म्हणतात, आपण त्याला बंधन म्हणू. ‘बटणाचा मध्य हा पडद्याचा मध्य’, ‘बटणाचा तळ हा सेफ एरियाच्या तळापासून १२ वर’, ‘बटणाची रुंदी किमान १६०’. ही वाक्यं यंत्रणेकडे जमा केली, की सगळी मिळून गणिताची समीकरणं होतात आणि फ्रेमचे आकडे यंत्रणा स्वतः काढते. फोन आडवा झाला, पुन्हा काढते. कीबोर्डची जागा हिशेबात धरलेली असली, तर तो आला की पुन्हा काढते. हा हुकूम बजावला की संपत नाही, तो पाळत राहावा लागतो. आयफोनवर ही पद्धत २०१२ मध्ये आयओएस ६ बरोबर आली. तिच्या मुळाशी ‘कॅसोवरी’ नावाची गणिती रीत आहे, ती अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात बांधली होती. कॅसोवरी हा शहामृगासारखा न उडणारा पक्षी. नाव का तेच दिलं, विचारू नका. अँड्रॉइडला ‘कन्स्ट्रेंट लेआउट’ मिळायला २०१६ उजाडलं.

पण गंमत बघा. बंधनं आली म्हणून सोयीच्या मेथड गेल्या नाहीत, उलट जास्त लागल्या. आयफोनवर एक बंधन लिहायला सात गोष्टी द्याव्या लागत: कुठला व्ह्यू, त्याची कुठली कड, बरोबर की कमी-जास्त, दुसरा व्ह्यू कुठला, त्याची कुठली कड, किती पट आणि वर किती. ‘बटण मध्यभागी’ एवढ्यासाठी सात-सात गोष्टींची दोन वाक्यं. त्यात आणखी व्ह्यूला आधी ‘तुझी जुनी मापं बंधनांत बदलू नकोस’ असं बजावावं लागतं. त्या एका सूचनेचं इंग्रजी नाव पाच शब्दांचं आहे. ती विसरली तर जुनी आणि नवी बंधनं एकमेकांशी भांडतात आणि बटण भलतीकडेच जाऊन बसतं. मी ती इतक्यांदा विसरलोय की आता ते नाव झोपेतही टाइप करू शकेन.

साहजिकच मेसनरी, स्नॅपकिट अशा लायब्रऱ्या, म्हणजे कुणीही वापरावेत असे तयार मेथडांचे गठ्ठे निघाले, आणि २०१५ मध्ये ॲपलनेही ‘अँकर’ देऊन सात गोष्टींचं वाक्य बरंच आखूड केलं. अँकर म्हणजे नांगर. नाव ज्याने दिलं त्याला नमस्कार, कारण काम तेच आहे: ही कड त्या कडेला बांध, मध्ये एवढी दोरी सोड.

माझ्या फाइलीतली ‘खालपासून’ मेथड मी आता अशी केली आहे:

बटण.खालपासून(सेफएरिया, १२)

फरक एका शब्दाचा आहे. कशापासून मोजायचं ते सांगितल्याशिवाय ही मेथड चालतच नाही. सोयीची मेथड चांगली की वाईट हे मी आता ओळी किती वाचल्या यावर ठरवत नाही. तिने हिशेब लपवला तर बिघडत नाही, प्रश्न लपवला तर माझी आत्या सकाळी सातला फोन करते.

आता ‘पटा नादवा’चं काय?

हा धडा मराठी ॲप लिहिणाऱ्यांनी तरी नीट बघावा, कारण इंग्रजी पडद्यावर तो सहसा दिसतच नाही.

आत्याने फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी केली आहेत. साठीनंतर बहुतेक जण करतात. अक्षरांचं माप डीपीत नसतं, ‘एसपी’त असतं. एसपी म्हणजे डीपीच, पण वापरणाऱ्याच्या आवडीने वाढणारा. अँड्रॉइड १४ पासून तो दुपटीपर्यंत वाढवता येतो. माझ्या बटणाची अक्षरं १६ ची होती, आत्याकडे ती जवळजवळ दीडपट, म्हणजे साधारण २४ ची झाली. ओळीची उंची मात्र मी आकड्यात बांधून टाकली होती, २२. वर फॉन्टसाठी जी थोडी राखीव जागा सुटते तीही मी देखणेपणासाठी बंद केली होती. अक्षर वाढलं, खोकं वाढलं नाही, वरचा भाग कापला गेला.

इंग्रजी शब्दाचा वरचा कणभर भाग गेला तर तो ओबडधोबड दिसतो, पण वाचता येतो. आपल्या लिपीचा अर्धा जीव शिरोरेषेच्या वर असतो. ‘पेटी’ घ्या. मात्रा कापली, ‘पे’चा ‘प’ झाला. वेलांटीचा वरचा वळसा कापला, उरला नुसता काना, ‘टी’चा ‘टा’ झाला. ‘नोंदवा’तल्या ‘नों’ची मात्रा आणि अनुस्वार गेले, राहिला ‘ना’. शिरोरेषेवर विळा फिरवला की ‘पेटी नोंदवा’चं ‘पटा नादवा’ होतं, आणि ‘आंबे’चं ‘आब’. खालून कापलं तर ‘पुढे’चं ‘पढे’ होतं.

उपाय सोपा आहे: अक्षरं असलेल्या चौकोनाला उंची द्यायचीच नाही. फक्त सांगायचं, ‘किमान ४८, आणि आतल्या मजकुराला लागेल तेवढी’. ही ४८ डीपी बोटाला नेमकं दाबता यावं म्हणून अँड्रॉइडवर सुचवलेली किमान उंची आहे, ॲपल ४४ पॉइंट सांगतं. लांबीलाही हेच लागू. ‘सबमिट’साठी बेतलेल्या रुंदीत ‘अर्ज सादर करा’ बसवायला गेलं की ‘अर्ज साद…’ असं होतं.

म्हणजे आकडे वापरायचेच नाहीत?

असं मी म्हणत नाही. खेळाच्या ॲपमध्ये चेंडू कुठे आहे हे आकड्यानेच सांगावं लागतं. बोटाने फोटो ओढताना दर क्षणी फ्रेम किंवा मध्यबिंदू बदलणं हाच सरळ मार्ग आहे. शेकडो ओळींची वेगाने सरकणारी यादी असेल, तर हाताने केलेला हिशेब बंधनांपेक्षा जलदही पडू शकतो. आणि दोन व्ह्यूंमधलं ८ किंवा १६ चं अंतर आकडाच आहे, त्यात पाप नाही. पंचाईत होते ती भिंतीची रुंदी किंवा मजकुराची उंची आकड्यात गृहीत धरली की.

‘मग सगळ्या कंपन्यांनी एकाच आकाराचे फोन काढावेत’ असं माझा एक मित्र म्हणतो. तो मिठाईचे खोके छापतो, त्याचं दुःख मला कळतं. पण फोन एका आकाराचे केले तरी आत्याचे डोळे आणि तिच्या नातवाचे डोळे एका नंबरचे कसे करणार?

पेंढा आत की बाहेर?

नव्या पद्धतींत, म्हणजे आयफोनवर २०१९ ला आलेलं स्विफ्टयूआय आणि अँड्रॉइडवर २०२१ ला पक्कं झालेलं जेटपॅक कंपोज यांत, फ्रेमला हात लावायची वेळ क्वचितच येते. ‘या गोष्टी एकाखाली एक’, ‘ही उरलेली जागा घेऊ दे’ असं बोलायचं आणि मांडणी तिच्यावर सोडायची. एका अर्थी सगळी भाषाच सोयीच्या मेथडांची झाली आहे. म्हणून क्रमाची जुनी गोम इथे नव्या वेषात भेटते.

कंपोजमध्ये बटणाला हिरवा रंग आणि १६ ची मोकळी जागा द्यायची आहे. आधी रंग, मग जागा लिहिलं, तर हिरव्या पट्टीच्या आत अक्षरांभोवती जागा सुटते. आधी जागा, मग रंग लिहिलं, तर हिरवी पट्टी अक्षरांना घट्ट चिकटते आणि जागा तिच्या बाहेर पडते. स्विफ्टयूआयमध्ये नेमकं उलट, तिथे आधी जागा आणि मग रंग लिहिला की पट्टी ऐसपैस होते. आंब्याभोवती पेंढा घालून मग खोका लावला तर पेंढा आत राहतो. खोका बंद करून मग पेंढा घातला तर तो खोक्याबाहेर. दोन्हीकडे आंबा तोच, पेंढा तोच. फक्त एक भाषा खोक्यापासून आत सांगत येते आणि दुसरी आंब्यापासून बाहेर. दोन्ही फोनांसाठी एकाच दिवशी काम केलं की संध्याकाळी डोकं दुखतं ते यामुळे.

पण हे सगळं आता एआय लिहून देतं ना?

देतं, आणि मीही घेतो. तीन ओळींचं काम एका वाक्यात सांगायचं, म्हणजे ती सोयीची मेथडच झाली, फक्त बोलकी. ‘बटण खाली लाव’ म्हटलं की लावून देतं. कुठल्या खाली, हे तुम्ही सांगितलं नाहीत तर तेही माझ्यासारखंच काहीतरी धरून चालतं. आणि फोटो पाठवणारी आत्या त्याला नाही.

म्हणून माझी तपासणी अजून हातानेच चालते. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं सगळ्यात मोठी करतो, तळाला तीन बटणांची पट्टी लावतो, फोन आडवा धरतो, पत्त्याच्या चौकटीत बोट ठेवून कीबोर्ड वर आणतो, आणि प्रत्येक पडद्यावर हिरवं बटण पूर्ण दिसतंय का, त्याच्या मात्रा-वेलांट्या शाबूत आहेत का ते बघतो. पाच मिनिटं लागतात. तुमच्याकडे कुणी ॲप करून देणार असेल तर पैसे देण्याआधी हे तुम्हीही करू शकता, कोड यावा लागत नाही.

दुरुस्त आवृत्ती आत्याच्या फोनवर पोचली तेव्हा मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. संध्याकाळी तिचा फोन आला. बटण सापडलं म्हणाली, वेलांटीसकट. मग म्हणाली, “आता तू त्याका पुढल्या मार्चापर्यंत सांभाळून ठेव. आंबे संपले.”